ॲपमधून स्टोअर्ड प्रोसिजर चालत नाही, तेव्हा एरर कशी शोधायची

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत नव्याने रुजू होणाऱ्यांच्या हाती बऱ्याचदा आधीपासून चालू असलेली प्रणाली येते. बँका, विमा, पतसंस्था, रुग्णालयं अशा जुन्या प्रणालींमध्ये हिशेबाचे नियम ॲपच्या कोडपेक्षा डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या, नावाने चालवता येणाऱ्या कोडमध्ये) जास्त असतात. मग लवकरच एक तक्रार समोर येते: "मॅनेजमेंट स्टुडिओत प्रोसिजर नीट चालते, ॲपमधून मात्र एरर देते." मॅनेजमेंट स्टुडिओ म्हणजे एसक्यूएल सर्व्हरवर हाताने क्वेरी चालवायचं साधन.

अशा वेळी नवीन माणूस प्रोसिजर उघडतो आणि तिच्यात बदल करायला लागतो. ते करू नका. आधी ठरवा की गडबड तीनपैकी कुठल्या ठिकाणी आहे. ॲपची हाक (कॉल) प्रोसिजरपर्यंत पोहोचलीच नाही? पोहोचली, पण पॅरामीटर दारातच अडले? की प्रोसिजर सुरू झाली आणि आत काहीतरी मोडलं? हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

उदाहरणासाठी एका पतसंस्थेचं ॲप धरू. त्यात कर्जाचा हप्ता नोंदवणारी 'हप्तानोंद' नावाची प्रोसिजर आहे. तिला खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि शेरा असे चार पॅरामीटर लागतात, आणि पाचव्या आउटपुट पॅरामीटरमधून ती पावती क्रमांक परत देते.

पायरी १: एररचा क्रमांक मिळवा

"समथिंग वेंट राँग" एवढंच लॉगमध्ये दिसत असेल, तर कुठलातरी कॅच ब्लॉक (एरर पकडणारा कोड) खरी एरर गिळतोय. तो शोधून मूळ एक्सेप्शन पूर्ण लॉग करा. डॉटनेटमध्ये एसक्यूएल एक्सेप्शनचे नंबर, प्रोसिजर आणि लाइन नंबर हे तीन गुणधर्म लिहा. जावात एरर कोड आणि एसक्यूएल स्टेट हे दोन्ही लिहा. फक्त संदेशाचा मजकूर पुरत नाही. फ्रेमवर्क त्यावर स्वतःची वेष्टणं चढवतं, म्हणून सर्वांत आतलं एक्सेप्शन गाठायचं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लाइन नंबर ० दिसला तर ती फार उपयोगी खूण आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की पॅरामीटर जुळवतानाच गाडं अडलं आणि प्रोसिजरची पहिली ओळही चालली नाही. अशा वेळी प्रोसिजरच्या आत शोधत बसणं व्यर्थ आहे, ॲपमधली हाक तपासा.

ओरॅकलमध्ये एरर एकाखाली एक अशा ओळींनी येते. ओरा-०६५५० ही ओळ फक्त 'इतक्या ओळीवर, इतक्या कॉलममध्ये चूक आहे' असं सांगते. खरं कारण तिच्याखालच्या, पीएलएसने सुरू होणाऱ्या ओळीत असतं. ओरा-०६५१२ ही स्वतंत्र एरर नाही, ती 'कुठल्या ओळीवरून इथे आलो' एवढाच मार्ग दाखवते. नवे लोक नेमकं ०६५१२ हेच कारण समजून शोधत बसतात.

क्रमांक कुठल्या डेटाबेसचा आहे हेही पाहा. १२०५ म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेडलॉक (दोन कामं एकमेकांचं लॉक सुटायची वाट पाहत अडकणं), तर मायएसक्यूएलमध्ये लॉकची वाट पाहून वेळ संपली असा अर्थ. मायएसक्यूएलचा डेडलॉक १२१३ आहे.

पायरी २: ॲप ज्या युजरने, ज्या डेटाबेसवर जातं, तिथूनच चालवून पाहा

"माझ्याकडे चालते" याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा सर्व्हर, डेटाबेस, युजर आणि पॅरामीटरच्या किमती चारही सारख्या असतात. तुम्ही स्टुडिओत स्वतःच्या विंडोज लॉगिनने बसलेले असता आणि ॲप सर्व्हिस अकाउंटने जोडलेलं असतं. कनेक्शन स्ट्रिंग वाचून अंदाज बांधू नका. ॲपच्याच कनेक्शनवरून एक छोटी क्वेरी चालवून सध्याचा डेटाबेस आणि सध्याचा युजर लॉगमध्ये छापा. पोस्टग्रेसमध्ये सर्च पाथ, म्हणजे नावं कुठे शोधायची ती यादी, हीही छापा. कॉन्फिग फाइल बदलली, पण सर्व्हरवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने तिच्यावर मात केली आणि ॲप अजून स्टेजिंगवरच (चाचणीच्या सर्व्हरवरच) जातंय, हे दोन मिनिटांत इथे उघड होतं.

पायरी ३: प्रोसिजर सापडतच नाही

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २८१२, मायएसक्यूएलमध्ये १३०५, पोस्टग्रेसमध्ये ४२८८३ आणि ओरॅकलमध्ये पीएलएस-००२०१ हे क्रमांक 'अशी प्रोसिजर नाही' असं सांगतात. चुकीचा डेटाबेस हे कारण पायरी २ मध्येच निकालात निघालं असेल. उरलेली कारणं अशी:

स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला नावांचा गट. हाक देताना प्रोसिजरच्या नावाआधी स्कीमाचं नाव लिहायची सवय लावा. युजरचा डीफॉल्ट स्कीमा वेगळा असला की नुसतं नाव सापडत नाही.

लहान-मोठी अक्षरं. पोस्टग्रेस अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव लहान लिपीत बदलून घेतं. कोणीतरी दुहेरी अवतरणात मोठी अक्षरं वापरून प्रोसिजर बनवली असेल, तर हाक देतानाही तशीच अवतरणं लागतील.

परवानगी. ओरॅकलमध्ये प्रोसिजर अस्तित्वात नसली किंवा असून परवानगी नसली, तरी पीएलएस-००२०१ हीच एरर येते. एसक्यूएल सर्व्हर मात्र परवानगीसाठी २२९ आणि मायएसक्यूएल १३७० असा वेगळा क्रमांक देतो. ओरॅकलची आणखी एक खोच लक्षात ठेवा: एखाद्या रोलमधून मिळालेले अधिकार साध्या क्वेरीला चालतात, पण डिफायनर राइट्सवर, म्हणजे मालकाच्या अधिकारांवर, चालणाऱ्या प्रोसिजरच्या आत ते धरले जात नाहीत. म्हणून क्वेरी बाहेर चालते आणि तीच प्रोसिजरमध्ये टाकली की कंपाइल होत नाही. प्रोसिजरच्या मालकाला त्या टेबलवर थेट अधिकार द्यावे लागतात.

मायएसक्यूएलचा बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवल्यावर १४४९ येते. प्रोसिजर ज्या युजरच्या नावे बनवली होती तो डिफायनर नव्या सर्व्हरवर नाही, एवढाच तिचा अर्थ. तो युजर तयार करा किंवा डिफायनर बदलून प्रोसिजर पुन्हा बनवा.

पोस्टग्रेसमध्ये प्रोसिजर हा प्रकार ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आला. त्याआधी सगळी फंक्शनंच होती. फंक्शन सिलेक्टने चालतं, प्रोसिजर कॉलने. उलट केलं तर ४२८०९ येते. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर कंसातला कॉल पाठवताना मुळात त्याचं सिलेक्ट करतो, त्यामुळे तुमच्या कोडमध्ये 'कॉल' लिहिलेलं असूनही ही एरर दिसते. ड्रायव्हरच्या 'एस्केप कॉल मोड' या सेटिंगने ते बदलता येतं.

पायरी ४: पॅरामीटर. इथे सर्वांत जास्त वेळ द्या

एसक्यूएल सर्व्हरची २०१ क्रमांकाची एरर घ्या: 'प्रोसिजरला अमुक पॅरामीटर हवा होता, तो दिलेला नाही'. कोडमध्ये तर तो पॅरामीटर डोळ्यांसमोर दिसतोय. मग?

पहिलं कारण म्हणजे कमांड टाइप. डॉटनेटमध्ये तो मुळात 'टेक्स्ट' असतो. तुम्ही कमांडमध्ये फक्त 'हप्तानोंद' लिहिलं, पॅरामीटर जोडले, पण कमांड टाइप 'स्टोअर्ड प्रोसिजर' केला नाही, तर सर्व्हरकडे नुसतं नाव क्वेरी म्हणून जातं. पॅरामीटर सोबत जातात खरे, पण प्रोसिजरला कोणी देत नाही. ती रिकाम्या हाताने चालते आणि २०१ देते. एक ओळ जोडली की काम होतं.

दुसरं कारण नल, म्हणजे 'किंमतच नाही' ही खूण. शेरा रिकामा असताना कोडमधला साधा नल पॅरामीटरला दिला, तर ड्रायव्हर तो पॅरामीटर पाठवतच नाही. डेटाबेसचा नल पाठवायला 'डीबीनल व्हॅल्यू' द्यावी लागते. ही चूक कपटी आहे, कारण शेरा भरलेल्या नोंदी नीट जातात आणि रिकाम्या शेऱ्याच्याच तेवढ्या अडतात. चाचणी करताना प्रत्येक ऐच्छिक पॅरामीटर एकदा रिकामा ठेवून पाहा.

८१४४ म्हणजे पॅरामीटर जास्त झाले. एकच कमांड लूपमध्ये पुन्हा वापरली आणि आधीचे पॅरामीटर काढले नाहीत, तर पहिली फेरी चालते आणि दुसरीपासून ही एरर येते. ८१४५ म्हणजे नाव जुळत नाही. प्रोसिजरमध्ये पॅरामीटरचं नाव बदललं, कोड जुनाच राहिला.

ओरॅकलच्या डॉटनेट ड्रायव्हरबद्दल विशेष सावध राहा. तो पॅरामीटर नावाने नाही, क्रमाने जोडतो. 'बाइंड बाय नेम' मुद्दाम चालू करावं लागतं. क्रम चुकला आणि प्रकार जुळले नाहीत तर पीएलएस-००३०६ किंवा ओरा-०६५०२ येते आणि तुम्ही वाचता. पण शेजारचे दोन्ही पॅरामीटर आकडेच असतील, तर एररही येत नाही आणि खाते क्रमांकाच्या जागी रक्कम जाते. आर्थिक प्रणालीत याहून वाईट काही नाही, म्हणून हे सेटिंग पहिल्याच दिवशी तपासा.

पोस्टग्रेस प्रकारांबाबत काटेकोर आहे. प्रोसिजरला न्यूमरिक रक्कम हवी आणि जावा कोडने ती 'सेट डबल'ने पाठवली, तर 'असं फंक्शन किंवा प्रोसिजर नाही' हीच ४२८८३ येते. एररच्या मजकुरात कंसात प्रकारांची यादी असते, ती प्रोसिजरच्या व्याख्येशी एकेक करून जुळवा. उपाय 'सेट बिगडेसिमल'. पैशांची रक्कम डबलमध्ये ठेवू नये हे तर एरवीही खरंच आहे.

मायएसक्यूएलची १३१८ सरळ आहे, किती हवे होते आणि किती मिळाले हे तीच सांगते. १४१४ आली तर आउटपुट पॅरामीटरच्या जागी व्हेरिएबल न देता थेट किंमत दिली आहे.

आता एरर न देणाऱ्या चुका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजरचा पॅरामीटर नुसता 'व्हारचार' किंवा 'एनव्हारचार' (मजकुराचे प्रकार) लिहिला, लांबी दिली नाही, तर त्याची लांबी १ धरली जाते. 'उशिरा भरला' हा शेरा जाऊन त्याचं पहिलं अक्षर उरतं, आणि कुणी काही बोलत नाही. टेबलच्या कॉलममध्ये मजकूर मावला नाही तर एरर येते, पण पॅरामीटरमध्ये मावला नाही तर तो गुपचूप कापला जातो. तसंच नुसतं 'डेसिमल' लिहिलं तर ते १८ अंकी आणि शून्य दशांश धरलं जातं. ५०० रुपये ५० पैशांचे ५०१ होतात. प्रत्येक पॅरामीटरला लांबी आणि दशांश लिहिलेच पाहिजेत, आणि ते टेबलच्या कॉलमशी जुळलेच पाहिजेत.

मराठी मजकूर आणि तारखा

शेऱ्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली की कुठेतरी 'व्हारचार' आडवा आला आहे. पॅरामीटर, प्रोसिजरच्या आतलं व्हेरिएबल, तात्पुरतं टेबल, शेवटचा कॉलम: साखळीतली एक कडीही 'एनव्हारचार' (युनिकोड मजकुराचा प्रकार) नसेल तर तिथे देवनागरी हरवते, आणि एकदा हरवलेली अक्षरं परत मिळत नाहीत. स्टुडिओत हाताने चाचणी करताना अवतरणाआधी एन अक्षर लावा, नाहीतर दोष नसताना दोष दिसेल.

ओरॅकलमध्ये वेगळीच अडचण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. 'सिंहगड रस्ता' हे शाखेचं नाव मोजून पाहा: देवनागरी चिन्हं ११, म्हणजे ३३ बाइट, आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, एकूण ३४. ३० लांबीच्या कॉलममध्ये ते बसत नाही आणि ओरा-१२८९९ येते. 'सदाशिव पेठ' मात्र २८ होतं, म्हणजे ते बसतं. 'कोथरूड' तर १८ मध्येच बसतं, त्यामुळे काही शाखा चालतात आणि काही नाही, असं चित्र दिसतं. लांबी 'चार' मध्ये जाहीर करणं हा उपाय.

तारीख मजकूर म्हणून पाठवू नका. ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिल की ४ मे, हे एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिनच्या भाषेवर ठरतं. १२ तारखेपर्यंत महिना-दिवस उलटून चुकीची नोंद होते, आणि १३ तारखेपासून एरर यायला लागते. म्हणून 'महिन्याच्या सुरुवातीला चालत होतं' अशी तक्रार आली की तारखेवरच संशय घ्या. तारखेच्या प्रकाराचा पॅरामीटर वापरला की प्रश्नच उरत नाही. डॉटनेटमध्ये तारीख भरायची राहिली तर ती सन १ ची असते, आणि एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम १७५३ पासून सुरू होतो. 'ओव्हरफ्लो' एररमध्ये १७५३ दिसलं की न भरलेली तारीख शोधा.

डेटाबेस अझ्युअर एसक्यूएलवर असेल तर आणखी एक पाहा. अझ्युअरचा 'सेंट्रल इंडिया' रिजन पुण्यात आहे, तरी डेटाबेसचं घड्याळ यूटीसीवरच, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे चालतं. प्रोसिजर आत 'गेट डेट'ने आजची तारीख घेत असेल, तर रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात ती आदल्या दिवसाची तारीख लावते. रात्री साडेबाराला चालणारं दिवसअखेरचं काम १ एप्रिलला ३१ मार्चच्या, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षाच्या नोंदी करतं. व्यवहाराची तारीख ॲपने ठरवून पॅरामीटरमधून द्यावी, हे चांगलं.

पायरी ५: प्रोसिजर चालली, पण उत्तर नीट मिळत नाही

पावती क्रमांक रिकामा येतोय? डॉटनेटमध्ये रीडर (निकालाच्या ओळी वाचणारा ऑब्जेक्ट) बंद केल्यावरच आउटपुट पॅरामीटर भरतात. आधी रीडर बंद करा, मग वाचा. मजकुराच्या आउटपुट पॅरामीटरला साइझ द्यायला विसरलात तर 'साइझ ०' अशी एरर येते.

'नोकाउंट' चालू नसेल तर प्रत्येक इन्सर्टनंतर 'इतक्या ओळी बदलल्या' हा संदेश आधी येतो, आणि जावाचं 'एक्झिक्यूट क्वेरी' तोच पाहून 'रिझल्ट सेट मिळाला नाही' म्हणतं. प्रोसिजरच्या सुरुवातीलाच 'सेट नोकाउंट ऑन' लिहा. पण ते लिहिल्यावर डॉटनेटचं 'एक्झिक्यूट नॉनक्वेरी' -१ परत देतं. जुन्या कोडमध्ये 'शून्यापेक्षा जास्त असेल तर यशस्वी' अशी अट असेल, तर यशस्वी नोंदही अपयशी दिसेल. दोन्ही बाजू एकदम बदला.

मायएसक्यूएलची २०१४ सांगते की आधीच्या हाकेची सगळी उत्तरं उचललेली नाहीत. प्रोसिजर प्रत्येक वेळी शेवटी एक स्थितीचा निकाल जादा पाठवते, तोही वाचून संपवावा लागतो. ओरॅकलमध्ये रेफ कर्सर बंद केले नाहीत तर काही तासांनी ओरा-०१००० येते. तेव्हा 'ओपन कर्सर'ची मर्यादा वाढवून घेणं हा उपाय नाही, बंद न होणारा कर्सर शोधा.

आणि पायथनवाल्यांसाठी: एरर नाही, प्रोसिजर चालली, पण टेबलमध्ये नोंद नाही, असं झालं तर कमिट, म्हणजे बदल पक्के करणं, राहिलं आहे. पायओडीबीसीसारख्या ड्रायव्हरमध्ये ऑटोकमिट मुळात बंद असतं.

पायरी ६: आतच मोडलं

एरर २६६ फार जणांना गोंधळात टाकते. ॲपने ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द) सुरू केलं, आतल्या प्रोसिजरने चूक दिसताच रोलबॅक केलं, म्हणजे बदल रद्द केले. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रोलबॅक फक्त आतलं नसतं, बाहेरचंही सगळं पुसतं. बाहेर येताना मोजणी जुळत नाही म्हणून २६६. मूळ चूक तिच्या आधीच्या एररमध्ये असते, ती वाचा. ट्रान्झॅक्शन ॲपने सांभाळायचं की प्रोसिजरने, हे प्रकल्पात एकदाच ठरवा. पोस्टग्रेसमध्ये प्रोसिजरच्या आत कमिट असेल आणि ॲपने आधीच ट्रान्झॅक्शन उघडलं असेल तर २डी००० येते. दुखणं तेच.

टाइमआउट. डॉटनेटमध्ये कमांडची मर्यादा मुळात ३० सेकंद असते, आणि ती संपली की एरर क्रमांक -२ येतो. कनेक्शन स्ट्रिंगमधली १५ सेकंदांची मर्यादा वेगळी, ती फक्त जोडणी होईपर्यंतची. ती वाढवून प्रोसिजरला वेळ मिळत नाही. टाइमआउट झाल्यावर प्रोसिजरमधला कॅच ब्लॉक चालत नाही हेही ध्यानात असू द्या. 'एक्सॅक्ट ॲबॉर्ट' बंद असेल तर ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात) जातं आणि लॉक धरून बसतं. मग इतर काउंटरवरचे लोक अडकतात आणि सगळीकडून टाइमआउटच्या तक्रारी येतात. बदल करणाऱ्या प्रत्येक प्रोसिजरमध्ये 'एक्सॅक्ट ॲबॉर्ट ऑन' ठेवा.

डेडलॉकवर पुन्हा प्रयत्न करणं योग्य आहे, कारण बळी ठरलेलं ट्रान्झॅक्शन पूर्ण परत फिरलेलं असतं. टाइमआउटवर मात्र डोळे झाकून पुन्हा हाक देऊ नका. पहिली नोंद झाली की नाही हे ॲपला माहीत नसतं, आणि एकाच हप्त्याच्या दोन पावत्या फाटतात. प्रत्येक मागणीला ॲपने वेगळा क्रमांक द्यावा आणि टेबलमध्ये त्यावर युनिक बंधन असावं.

स्टुडिओत २ सेकंद आणि ॲपमधून टाइमआउट, असा फरक दिसला तर 'अरिथॲबॉर्ट' पाहा. स्टुडिओ ते चालू ठेवतो, डॉटनेट बंद. सेटिंग वेगळी म्हणून दोघांसाठी वेगवेगळे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचे आराखडे) साठतात, आणि ॲपच्या वाट्याला एखाद्या विचित्र पॅरामीटरसाठी बनलेला जुना प्लॅन आलेला असतो. स्टुडिओत 'सेट अरिथॲबॉर्ट ऑफ' करून चालवा, मग तोच संथपणा तुमच्यासमोर येईल. ॲपमध्ये ते सेटिंग चालू करून दुखणं तात्पुरतं लपतं, कारण तेव्हा नवा प्लॅन बनतो. खरा उपाय क्वेरीवर आहे: इंडेक्स, ताजे स्टॅटिस्टिक्स, किंवा त्या एका क्वेरीपुरता 'ऑप्शन रीकंपाइल'.

डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे) जाताना

एवढं करूनही उलगडलं नाही तर मदत मागा, पण सोबत हे न्या: एररचा क्रमांक आणि पूर्ण मजकूर, घटनेची वेळ सेकंदापर्यंत आणि ती भारतीय वेळ की यूटीसी, सर्व्हर, डेटाबेस आणि युजरचं नाव, प्रोसिजर स्कीमासकट, प्रत्येक पॅरामीटरची किंमत आणि ॲपने पाठवलेला प्रकार, आणि ड्रायव्हरची आवृत्ती. स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा, म्हणजे तो शोधता येतो. ग्राहकाचे खाते क्रमांक, पॅन आणि मोबाइल नंबर आधी झाकून टाका. एकाच खात्यावर एरर येते की सगळ्यांवर, रोज येते की ठरावीक वेळी, हे दोन प्रश्न डीबीए हमखास विचारतील, त्यांची उत्तरं तयार ठेवा.